दारावरची बेल आपली, समोरचा पॅसेज सर्वांचा

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या बातम्यांच्या पानावर एक मजकूर वर्षानुवर्षे जवळपास त्याच शब्दांत छापला जातो. 'बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून अज्ञात चोरट्यांनी...' अशी त्याची सुरुवात असते आणि कपाटातील दागिने व रोख रकमेच्या आकड्याने त्याचा शेवट होतो. घर बंद असण्याची कारणेही ठरलेली. पती-पत्नी दोघेही सकाळच्या लोकलने मुंबईला गेलेले, मुले शाळेत किंवा क्लासला, नाही तर सारे कुटुंब लग्नासाठी गावी. २०११च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार, तर कल्याण-डोंबिवलीची सुमारे साडेबारा लाख होती. यांतील किती घरांना दिवसा कुलूप असते हे चोरांनाही ठाऊक आहे आणि विक्रेत्यांनाही.

या भीतीवर बाजाराने पुढे केलेले उत्तर म्हणजे व्हिडिओ डोअरबेल. दाराच्या चौकटीवर बसणाऱ्या या छोट्या पेटीत कॅमेरा, मायक्रोफोन आणि स्पीकर असतो. बेल वाजली की मुंबईतील कार्यालयात बसलेल्या घरमालकाच्या मोबाइलवर दारासमोरच्या माणसाचे चित्र उमटते आणि तेथूनच त्याच्याशी बोलता येते. घोडबंदर मार्गावरील उत्तुंग संकुलांपासून डोंबिवलीतील पुनर्विकसित इमारतींपर्यंत अशा बेल आता दिसू लागल्या आहेत. खरेदीच्या वेळी चर्चा होते ती चित्राच्या स्पष्टतेची, बॅटरीच्या आयुष्याची आणि किमतीची. ही बेल नेमके काय पाहते, पाहिलेले कोठे ठेवते आणि ते कोणाकोणाला दाखवते, हे तीन प्रश्न मात्र सहसा विचारले जात नाहीत. सुरक्षिततेचा आणि खासगीपणाचा खरा हिशेब याच प्रश्नांत दडलेला आहे.

अंगणासाठी घडलेले यंत्र

दारावर कॅमेरा लावण्याची कल्पना आजची नाही. न्यूयॉर्कमधील क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने पतीसह १९६६ मध्ये अशा यंत्रणेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते मिळाले. दारातील भिंगांमागे सरकणारा कॅमेरा, घरातील पडद्यावर दिसणारे चित्र, दार न उघडता बोलण्याची सोय आणि मदतीसाठी धोक्याचे बटण, हे सारे त्यात होते. वेळी-अवेळी घरी एकट्या असणाऱ्या स्त्रीला दाराबाहेर कोण आहे हे कळावे, ही त्यामागची साधी गरज. पुढे इंटरनेट आणि मोबाइल आल्यावर अमेरिकेतील 'रिंग'सारख्या कंपन्यांनी ही कल्पना घराघरांत नेली. २०१८ मध्ये 'अ‍ॅमेझॉन'ने ती कंपनीच विकत घेतली.

ज्या घरांसाठी ही बेल प्रथम घडली, ती घरे मात्र वेगळी होती. पुढे अंगण, मग पदपथ, मग रस्ता अशी अमेरिकेतील उपनगरी घराची रचना असते. कुरियरवाला पार्सल दारातच ठेवून जातो आणि ते चोरीला जाण्याची भीती असते. तेथे कॅमेऱ्याच्या नजरेत प्रामुख्याने मालकाचेच अंगण येते. ठाण्यातील नौपाडा किंवा डोंबिवलीतील टिळकनगरच्या इमारतीत दारासमोर असतो जेमतेम चार-पाच फुटांचा पॅसेज आणि त्यापलीकडे शेजाऱ्याचे दार. दीडशे-एकशे साठ अंशांचा परिसर टिपणारे भिंग अशा भिंतीवर बसले की शेजाऱ्याचे दार, त्याचा चपलांचा स्टँड आणि दार उघडे असेल तर थेट दिवाणखाना त्याच्या टप्प्यात येतो. आपल्या दारासाठी घेतलेली बेल अशी समोरच्याच्या घरावर पहारा देऊ लागते.

रचनेतील हा फरक विजेच्या तारेपर्यंत पोहोचतो. अमेरिकेतील घरगुती बेल १६ ते २४ व्होल्टच्या ट्रान्स्फॉर्मरवर चालते, तर आपल्याकडील बेल थेट २३० व्होल्टवर. नातेवाइकांनी परदेशाहून आणलेली बेल जुन्या तारांना तशीच जोडणे म्हणूनच धोक्याचे ठरते. बॅटरीवरील बेलला ती अडचण नाही, पण तिलाही वाय-फाय लागते. सिमेंट-काँक्रीटची भिंत आणि लोखंडी सेफ्टी डोअर ओलांडताना घरातल्या राउटरचा संकेत क्षीण होतो आणि वीज गेली की राउटरच बंद पडतो. ज्या दुपारी इमारतीत वीज नाही आणि घरातही कोणी नाही, नेमक्या त्या दुपारी ही पहारेकरीण डोळे मिटून बसलेली असते.

चोर थांबतो का?

घरफोडीच्या बाबतीत या यंत्राची मर्यादा स्पष्ट आहे. कॅमेरा कडी-कोयंडा मजबूत करीत नाही. हेल्मेट घातलेला किंवा तोंडाला रुमाल बांधलेला चोर ओळखू येत नाही आणि बाहेर स्क्रूने बसवलेली पेटी काढून नेणे त्याला अवघडही नाही. मोबाइलवर सूचना आली तरी ती वाचणारा माणूस त्या वेळी लोकलच्या गर्दीत उभा असू शकतो. त्याने शेजाऱ्याला किंवा ११२ या क्रमांकावर तातडीने फोन केला, तरच त्या सूचनेचा उपयोग. चांगल्या प्रतीचे कुलूप, दाराला घट्ट बसलेली जाळी आणि दिवसा घरी असणारा शेजारी या तीन गोष्टींना कोणतीही बेल पर्याय ठरत नाही.

तरीही तिचा खरा उपयोग आहे, आणि तो आहे घरात एकट्या असणाऱ्या माणसासाठी. मुले पुण्यात, बेंगळुरूत किंवा परदेशात आणि आई-वडील दोघेच घरी, असे चित्र ठाणे-डोंबिवलीच्या मध्यमवर्गीय इमारतींत सर्रास दिसते. दागिन्यांना पॉलिश करून देतो, गॅसची जोडणी तपासायची आहे, बँकेतून आलो आहे, अशा बतावणीने दार उघडायला लावणारे भामटे नेमकी हीच घरे हेरतात. गुडघेदुखीने हैराण झालेल्या आजींना खुर्चीतून न उठता 'कोण आहे?' असे विचारता आले आणि दूरच्या मुलालाही तो चेहरा दिसला, तर ते मोठेच साहाय्य ठरते. पण दाराचे भिंग आणि साखळी यांतही याचा बराचसा भाग साध्य होतो, आणि त्यासाठी ना इंटरनेट लागते ना मासिक वर्गणी, हेही लक्षात घ्यायला हवे.

तीन प्रकार, तीन किमती

बाजारात आज मिळणाऱ्या बेलची विभागणी ढोबळमानाने तीन प्रकारांत करता येते. पहिला प्रकार तारेने जोडलेल्या व्हिडिओ डोअर फोनचा. बाहेर कॅमेरा, आत भिंतीवर पडदा आणि दोहोंमध्ये तार. साध्या प्रकारात इंटरनेटचा संबंधच नसतो. चित्र घराबाहेर जात नाही आणि अनेक यंत्रांत ते साठवलेही जात नाही. घरात कोणी नसेल तर तो निरुपयोगी, हा त्याचा दोष. भिंतीतून तार न्यावी लागते, हीदेखील गैरसोयच. पण ज्येष्ठांसाठी मोबाइलपेक्षा भिंतीवरचा पडदा सोपा असतो आणि खासगीपणाच्या कसोटीवर हा जुना प्रकार सर्वांत खरा उतरतो.

दुसरा प्रकार वाय-फायवर चालणाऱ्या, पण चित्रण घरातच ठेवणाऱ्या बेलचा. यात मेमरी कार्ड नेमके कोठे आहे हे पाहणे महत्त्वाचे. ते बाहेरच्या पेटीत असेल तर चोर पेटीबरोबर पुरावाही घेऊन जातो. घरातील वेगळ्या उपकरणात असेल तर तो सुरक्षित राहतो. मासिक वर्गणी सहसा लागत नाही आणि चित्रणाचा ताबा पुष्कळ अंशी मालकाकडे राहतो.

तिसरा प्रकार चित्रण कंपनीच्या संगणकांवर, म्हणजे क्लाउडवर पाठवणाऱ्या बेलचा. पेटी चोरीला गेली तरी तोवरचे चित्रण वाचते, हा त्याचा मोठा फायदा. पण वर्गणी थांबली की साठवण आणि इतर सोयी आटतात. कंपनीने सेवा बंद केली तर हजारो रुपयांची बेल साध्या बेलइतकीही उपयोगी राहील याची खात्री नसते. शिवाय आपल्या दारातील येण्या-जाण्याची नोंद परक्याच्या हाती सोपवावी लागते.

ही शेवटची बाब किती गंभीर आहे हे अमेरिकेतील एका प्रकरणाने दाखवले. ग्राहकांच्या घरातील खासगी चित्रण कर्मचारी व कंत्राटदारांना पाहता येत होते आणि हॅकर्सना रोखण्याची पुरेशी व्यवस्था नव्हती, असा आरोप तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये 'रिंग'वर ठेवला. ५८ लाख डॉलर भरण्याच्या तडजोडीने ते प्रकरण मिटले. चित्रण 'घरातच राहते' या जाहिरातीवरही डोळे झाकून विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. तसा दावा करणाऱ्या 'युफी'च्या डोअरबेलमधून सूचनांसोबतची छोटी चित्रे क्लाउडवर जात असल्याचे एका सुरक्षा संशोधकाने नोव्हेंबर २०२२ मध्ये उघड केले, आणि आपल्या यंत्रणेतील त्रुटी कंपनीला पुढे मान्य कराव्या लागल्या.

भारतातील अनुभवही फार निराळा नाही. राजकोटमधील एका प्रसूती रुग्णालयातील स्त्रियांच्या तपासणीचे सीसीटीव्ही चित्रण फेब्रुवारी २०२५ मध्ये इंटरनेटवर विक्रीला आल्याचे उघडकीस आले आणि देश हादरला. कॅमेरे सुरक्षिततेच्याच नावाने लावलेले होते. कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदलणे ही अशा यंत्रांची सर्वांत जुनी दुखरी नस आहे. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रणालीने याच चुकीचा फायदा घेत जगभरातील लाखो कॅमेरे व तत्सम उपकरणे ताब्यात घेतली होती. केंद्र सरकारने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षाविषयक निकष एप्रिल २०२४ मध्ये अधिसूचित केले आणि एप्रिल २०२५ पासून ते सक्तीचे झाले, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे. बेल घेतानाही त्या तपासणीचे प्रमाणपत्र विक्रेत्याकडे मागणे शहाणपणाचे.

चाळीतला डोळा आणि भिंतीवरचा डोळा

शेजाऱ्याचे लक्ष असणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही, असे यावर कोणी म्हणेल. ते खरेही आहे. कल्याणच्या वाड्यांत आणि डोंबिवलीच्या चाळींत दारे दिवसभर उघडी असत आणि सामायिक गॅलरीतून कोण आले, कोण गेले, हे साऱ्या मजल्याला कळे. त्या पहाऱ्यात चौकसपणा होता तसा आधारही होता. किल्ली शेजारी ठेवली जाई आणि शाळेतून आलेल्या मुलाला शेजारीच खाऊ मिळे. त्या डोळ्याला माणसाचे नाव आणि चेहरा होता. त्याच्याशी भांडता येत होते, आणि मुख्य म्हणजे तो काही दिवसांनी विसरत होता.

भिंतीवरचा डोळा विसरत नाही. समोरच्या घरात भाड्याने राहणाऱ्या नोकरदार तरुणी रात्री किती वाजता परतल्या, त्यांच्याकडे कोण आले, शेजारच्या घरातील भांडणाचा आवाज किती वाजता चढला, घरकामाला येणाऱ्या बाई आज किती मिनिटे उशिरा आल्या, या साऱ्याची तारीखवार नोंद होत राहते. ज्यांची नोंद होते त्यांना कोणी विचारलेले नसते. पार्सल हातात धरून क्षणभर घुटमळलेल्या डिलिव्हरीवाल्याची चित्रफीत 'संशयित' म्हणून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरली, तर खुलासा करण्यासाठी तो त्या गटात नसतो. सुरक्षिततेचा लाभ घरमालकाचा आणि खासगीपणाची किंमत मात्र इतरांची, असा हा विषम व्यवहार आहे. ही किंमत सर्वाधिक मोजतात ते भाडेकरू, एकट्या स्त्रिया आणि श्रमिक.

कायद्यातील फट

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा संमत झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले आणि त्यांतील मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत देण्यात आली. मात्र एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला हा कायदा लागू होत नाही. घराच्या दारावरची बेल याच सवलतीच्या आडोशाला उभी राहते. सोसायटीची गोष्ट वेगळी. ती व्यक्ती नसून संस्था आहे. प्रवेशद्वारावरील अ‍ॅपमधील पाहुण्यांचे मोबाइल क्रमांक आणि जिन्यातील कॅमेऱ्यांचे चित्रण तिच्या हाती असते, त्यामुळे ही घरगुती सवलत तिला सांगता येणार नाही. अनेक व्यवस्थापन समित्यांना याची अद्याप जाणीव नाही.

घरगुती वापराची सीमा नेमकी कोठे संपते, या प्रश्नाचे उत्तर युरोपच्या न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये दिले. झेक प्रजासत्ताकातील एका गृहस्थाच्या घराच्या खिडक्या वारंवार फोडल्या जात होत्या. त्याने कॅमेरा लावला, संशयित सापडलेही. परंतु तो कॅमेरा सार्वजनिक रस्ताही टिपत असल्याने हा वापर निव्वळ घरगुती ठरत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. स्वतःचे रक्षण हे कारण रास्त असले तरी नजर उंबरठ्याबाहेर गेली की जबाबदारीही सुरू होते, हा त्याचा मथितार्थ. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या काउंटी न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये अशाच शेजाऱ्यांच्या वादात आणखी एक बारकावा मांडला. दारातील बेलने ये-जा करणाऱ्यांचे चित्र टिपणे एकवेळ समर्थनीय ठरले, पण दूरवरचे संभाषण टिपणारे ध्वनिमुद्रण ठरले नाही. दाटीवाटीच्या इमारतींत राहणाऱ्यांनी हा मुद्दा विशेष ध्यानात ठेवावा. चित्र भिंतीपाशी थांबते, आवाज थांबत नाही.

आपल्याकडेही न्यायालयांचा कल हळूहळू स्पष्ट होत आहे. एकाच वास्तूच्या निवासी भागात सहरहिवाशाच्या संमतीविना कॅमेरे चालवणे हे त्याच्या खासगीपणाचे उल्लंघन असल्याचा निर्णय कोलकाता उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. तो वाद घराच्या आतील कॅमेऱ्यांचा होता. इमारतीच्या सामायिक पॅसेजसाठी तेवढी स्वच्छ रेषा कायद्याने अजून आखलेली नाही.

पुराव्याबाबतही एक गैरसमज दूर व्हायला हवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेली चित्रफीत न्यायालयात जशीच्या तशी ग्राह्य धरली जाईलच असे नाही. जालना मतदारसंघातील निवडणूक वादावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत विहित प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे बजावले. मूळ उपकरणच न्यायालयात सादर केले, तर ही अट नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र अधिक तपशीलवार झाले आहे. म्हणूनच घटना घडल्यास मूळ चित्रण व उपकरण जपून ठेवावे आणि ते पोलिसांच्या हवाली करावे. गटावर टाकण्याची घाई तपासाच्या कामी येत नाही आणि निरपराध माणसाची बदनामी झाली तर अंगाशीही येऊ शकते.

निर्णय सर्वसाधारण सभेचा

कायद्यातील ही फट भरून निघेपर्यंत थांबण्याची गरज नाही. पॅसेज, जिना आणि बाहेरच्या भिंती यांचा विचार गृहनिर्माण सोसायटीनेच करायचा असतो. महाराष्ट्रात त्यासाठी सहकार कायद्याची आणि सर्वसाधारण सभेची व्यवस्था अनेक दशकांपासून आहे. पार्किंगवर तासन् तास खल करणाऱ्या सभेने डोअरबेलसाठी अर्धा तास दिला तरी पुरेसा आहे. बेल बसवण्याआधी समोरच्या व बाजूच्या रहिवाशांना कळवावे. भिंग शेजाऱ्याच्या दाराकडे राहणार नाही अशा कोनात बसवावे आणि ते शक्य नसेल तर चित्रातील तो भाग झाकून टाकण्याची सोय वापरावी. ही सोय असलेलीच बेल घ्यावी. ध्वनिमुद्रण बंद ठेवावे. चित्रण ठरावीक दिवसांनी पुसले जावे. ते गटावर टाकू नये आणि गुन्ह्याच्या तपासासाठी पोलिसांनी मागितल्यास द्यावे. एवढे पाच-सहा मुद्दे ठरावात आले तरी पुढचे निम्मे वाद टळतील.

घरमालकाच्या हाती असलेले उपायही साधे आहेत. मूळ पासवर्ड बदलणे, दुहेरी पडताळणी सुरू करणे, कुटुंबीयांना एकच पासवर्ड न देता स्वतंत्र प्रवेश देणे आणि यंत्रातील प्रणाली अद्ययावत ठेवणे यासाठी खर्च येत नाही. भाड्याच्या घरात आधीपासून बसवलेली बेल असेल तर जुन्या खात्याचा संबंध तोडून ती नव्याने सुरू करून घ्यावी. नाही तर घर सोडून गेलेला भाडेकरू किंवा दूर राहणारा मालक नव्या बिऱ्हाडाचे येणे-जाणे पाहत राहतो.

या कसोट्या लावल्या तर निवडही सोपी होते. घरात दिवसभर ज्येष्ठ असतील तर तारेचा डोअर फोन पुरेसा आहे. घर दिवसभर बंद राहत असेल तर आधी कुलूप आणि जाळी, मग घरातच चित्रण साठवणारी बेल. क्लाउडचा पर्याय त्यानंतरचा, तोही अटी वाचून. सप्टेंबर २०१६ मध्ये ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही शहरांची स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली, तेव्हा रस्तोरस्ती कॅमेरे बसवणे हे प्रगतीचे लक्षण मानले गेले. आता कॅमेरा रस्त्यावरून जिन्यात आणि जिन्यातून दारात आला आहे. रस्त्यावरील कॅमेऱ्याबद्दल महापालिकेला आणि पोलिसांना जाब विचारता येतो. दारावरच्या कॅमेऱ्याबद्दल विचारायचे ते शेजाऱ्यालाच. ते विचारण्याइतके आणि ऐकून घेण्याइतके बोलणे दोन दारांमध्ये शिल्लक असेल, तर बंद घरावर लक्ष ठेवणारा माणूसही समोरच सापडेल.